घरातल्याच मोठ्या मुलाने लहान लेकराशी काही केलं तर : पोलीस, सीडब्ल्यूसी, जेजेबी, काउन्सेलिंग आणि लागणारे कागद

सिव्हिलच्या ओपीडीबाहेर एक आई साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. पिशवीत लेकीचे कपडे, धुतलेले, घडी घातलेले. सासूबाईंनी धुतले होते, "घाण कशाला ठेवायची" म्हणून. मुलगी सहा वर्षांची आणि ज्याने केलं तो जावेचा मुलगा, नववीतला, त्याच घरात वरच्या मजल्यावर राहणारा. तिने मला पहिला प्रश्न काय विचारला, तर "ताई, तक्रार द्यायची म्हणजे नक्की कोणाविरुद्ध द्यायची, तोही आमचंच पोर ना?" (तपशील बदललेत, पण अशी घरं दर थोड्या दिवसांनी भेटतातच.)

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या अशा केसमध्ये मी सपोर्ट पर्सन म्हणून, म्हणजे लेकराला आणि घरच्यांना सगळीकडे साथ द्यायला जाते, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

आधी एक गोष्ट. प्रत्येक गोष्ट गुन्हा नसते. चार-पाच वर्षांची सारख्या वयाची दोन मुलं डॉक्टर-डॉक्टर खेळताना एकमेकांकडे कुतूहलाने बघतात, हटकलं की थांबतात, घाबरलेली नसतात, तिथे पोलीस कशाला, नीट समजावून सांगितलं की पुरतं. पण वयात अंतर आहे, जबरदस्ती आहे, धमकी किंवा चॉकलेट-मोबाईलचं आमिष आहे, "आईला सांगू नको" आहे, हटकल्यावरही परत परत होतंय, तर ते खेळ म्हणून सोडून द्यायचं नाही.

आता कायदा. २०१२ चा पॉक्सो कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्या मुलांना लागू, मुलगा असो की मुलगी, आणि करणारा पण १८ च्या आतला असेल तर कलम ३४ प्रमाणे त्याची केस बाल न्याय कायदा २०१५ खाली जाते. म्हणजे एकाच घटनेला दोन दारं आहेत, सोसलेल्या मुलासाठी बालकल्याण समिती म्हणजे सीडब्ल्यूसी, आणि करणाऱ्या मुलासाठी बाल न्याय मंडळ म्हणजे जेजेबी. जेजेबी हे नाव पुण्याच्या २०२४ च्या कल्याणीनगर कार केसनंतर घराघरात पोचलं, सीडब्ल्यूसी मात्र अजून कोणाला माहीत नसते, आणि खरी मदत तिथूनच सुरू होते.

करणारा ७ वर्षांच्या आतला असेल तर कायद्याने तो गुन्हाच होत नाही (भारतीय न्याय संहिता, कलम २०). ७ ते १२ मध्ये त्याला आपण काय करतोय याची समज होती का ते बघतात. ७ च्या आतल्यांसाठी आणि समज नव्हती असं दिसलं त्यांच्यासाठी सीडब्ल्यूसी आणि काउन्सेलर, एवढाच रस्ता.

"घरातल्या घरात मिटवू" हे सगळ्यात जास्त ऐकते मी. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायलाच लागतं, न कळवणाऱ्याला कलम २१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, संस्थेच्या प्रमुखाला वर्षभरापर्यंत, म्हणजे हेडमास्तर पण सुटत नाहीत. (लहान मुलाला स्वतःला ही शिक्षा नाही.) आणि हो, डॉक्टर आणि प्रायव्हेट काउन्सेलरला पण हे बंधन आहे. "मॅडमना विश्वासाने सांगितलं आणि त्यांनी पोलिसांना कळवलं" म्हणून लोक चिडतात, पण त्यांना दुसरा मार्गच नसतो. नंतर दोन्ही घरांनी समझोता केला तरी केस आपोआप मिटत नाही, राजस्थानातल्या एका शिक्षकाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हेच स्पष्ट केलं.

पहिल्या दोन-तीन दिवसांत काय करायचं ते नीट वाचा. कपडे धुऊ नका, प्लास्टिकमध्ये ठेवू नका, ओल धरते, कागदी पिशवीत किंवा साध्या वर्तमानपत्रात गुंडाळा. लेकराने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत तारीख-वेळ टाकून वहीत लिहा, आणि परत परत विचारू नका. त्या सहा वर्षांच्या पोरीला दोन दिवसांत आजी, आत्या, मावशी आणि शेजारच्या काकूंनी मिळून इतक्यांदा विचारलं होतं की तिसऱ्या दिवशी तिने "काहीच नाही झालं" म्हणायला सुरुवात केली. दवाखान्यात शक्यतो ७२ तासांच्या आत जा, पुरावा आणि एचआयव्ही टाळायच्या गोळ्या दोन्ही त्यावर अवलंबून असतं, पण ७२ तास उलटले म्हणून घरी बसू नका. एफआयआर नसली तरी तपासणी होते (पॉक्सो, कलम २७), मुलीची तपासणी लेडी डॉक्टरच करते, आई किंवा मुलीचा विश्वास असलेलं माणूस सोबत राहू शकतं. सरकारी असो की प्रायव्हेट, हॉस्पिटलने पहिला उपचार फुकट द्यायचा असतो आणि आधी कागद आणा असं म्हणायचं नसतं.

पोलिसात जाताना हद्दीची चिंता करू नका, कुठल्याही स्टेशनला झिरो एफआयआर होते. लेकराचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी घेतात, शक्यतो महिला उपनिरीक्षक, युनिफॉर्म नाही, आई-बाबा सोबत. रात्री मुलाला स्टेशनला ठेवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांत सीडब्ल्यूसीला कळवायचं असतं. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, मागून घ्या, नंतर प्रत्येक ठिकाणी तीच लागते. पुढे मॅजिस्ट्रेटसमोर जबाब होतो, सगळे अजून "१६४ चा जबाब" म्हणतात, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम १८३ चा झालाय, गोंधळू नका.

एक बारकावा. करणारा मूल असेल आणि आरोप किमान ७ वर्षं शिक्षेच्या गुन्ह्याचा असेल, किंवा सोबत कोणी मोठा सामील असेल, तरच एफआयआर होते. बाकी वेळी पोलीस डायरीत नोंद करून सामाजिक पार्श्वभूमीचा रिपोर्ट जेजेबीला पाठवतात. "एफआयआर घेतली नाही" म्हणून सगळं दाबलं असं लगेच समजू नका, डायरी नोंदीचा नंबर लिहून घ्या आणि सीडब्ल्यूसीला स्वतः अर्ज द्या.

सीडब्ल्यूसीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, जिल्ह्याला किमान एक समिती. साध्या कागदावर मराठीत अर्ज चालतो, काय झालं, कधी, कोणी, आता काय मदत हवी. दोघं एकाच घरात राहत असतील तर समिती तीन दिवसांत ठरवते की लहान लेकरू तिथे सुरक्षित आहे का. इथे आई-बाप घाबरतात, "आमचं मूल काढून घेतील", तर लेकराला काय वाटतं हेही विचारतात आणि आजोळी पाठवायची सोय असेल तर ती आधी सांगा. माझं प्रामाणिक मत, शक्य असेल तर घर मोठ्या मुलाने सोडावं, मामाकडे जाऊ दे, नाहीतर धाकटीला वाटतं शिक्षा मलाच झाली. सपोर्ट पर्सन पण समितीच देते, तुमच्या आणि मुलाच्या संमतीने, तो पोलीस-दवाखाना-कोर्ट सगळीकडे सोबत येतो, पैसे लागत नाहीत.

आता मोठ्या मुलाच्या आई-बापासाठी, कारण त्यांच्यासाठी कोणी काही लिहीत नाही. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, ताब्यात घेतलं तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत जेजेबीसमोर. तिथे एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सोशल वर्कर असतात, त्यातली किमान एक बाई. जामीन हा नियम, अपवाद फक्त त्याला धोका असेल, वाईट संगतीत पडेल किंवा न्यायालाच बाधा येईल तेव्हा. चौकशी चार महिन्यांत संपवायची, दोन महिने वाढवता येते. मंडळ समज देऊन सोडू शकतं, ग्रुप काउन्सेलिंग, समाजसेवा, प्रोबेशन म्हणजे देखरेखीखाली घरी, किंवा जास्तीत जास्त तीन वर्षं स्पेशल होम म्हणजे सुधारगृह. १६ च्या वरचा असेल आणि किमान ७ वर्षं शिक्षेचा गुन्हा असेल तर त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालवायचा का याचं आधी प्राथमिक मूल्यमापन होतं आणि केस बाल न्यायालयात जाऊ शकते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, १५१००, मुलांना उत्पन्नाची अट नाही, दोन्ही बाजूच्या मुलांना.

कागद एका फाईलमध्ये लावा : दोन्ही मुलांचा वयाचा पुरावा (शाळेचा दाखला आधी धरतात, तो नसेल तर महापालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची टेस्ट), पालकाचं आधार, एफआयआर किंवा डायरी नंबर, मेडिकलचे कागद, बँक पासबुक, पासपोर्ट फोटो, आणि ती वही. आधारवरची जन्मतारीख आणि दाखल्यावरची वेगळी असेल तर लगेच सांगा, १५ की १६ यावर अख्खी केस फिरते. हीच फाईल मनोधैर्य योजनेला लागते, अत्याचार सोसलेल्यांना आर्थिक मदत देणारी २०१३ पासूनची राज्य सरकारची योजना आहे, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात. दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेलात तर फाईलची झेरॉक्स तिथल्या सीडब्ल्यूसीला द्या.

काउन्सेलिंगचं म्हणाल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत सुरुवात करता येते, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाईन टेलिमानस १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि लगेच मदत हवी असेल तर मुलांची हेल्पलाईन १०९८ किंवा ११२. दोघा मुलांना एकच काउन्सेलर नको. मोठ्या मुलाला "असं का केलंस" एवढंच विचारून भागत नाही, त्याच्यावर कोणी काही केलंय का, मोबाईलवर काय बघितलं, हेही बघायला लागतं, आणि वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक मुलं परत तसं करत नाहीत. लहानीचं काउन्सेलिंग कोर्टाच्या तारखेची वाट न बघता सुरू करा, फक्त काउन्सेलरला सांगा की तिला घटना परत परत सांगायला लावू नका.

शेवटचं, शाळा. दोघांपैकी कोणाचंही नाव बाहेर आलं तर तो गुन्हा आहे, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणाऱ्यावर पण. आणि "बदनामी नको" म्हणून शाळा तुमच्याच लेकराचा दाखला हातात द्यायला आली तर सही करू नका, लेखी मागा आणि तो कागद घेऊन सीडब्ल्यूसीत जा.