विधिमंडळाला नाकारता येणार नाही अशी माहिती : कायद्यातून गेलेल्या एका ओळीची पार्श्वभूमी

हिवाळी अधिवेशन संपलं की आमदार मतदारसंघात परततात आणि तालुक्याच्या गावी बैठका लागतात. कोणती विधेयकं मंजूर झाली, कोणती समितीकडे गेली, किती लक्षवेधी लागल्या, याचा हिशेब दिला जातो. अशाच एका बैठकीत मी मागच्या रांगेत होतो. पाणीपुरवठा आणि पीकविम्याचं बोलून झाल्यावर एक निवृत्त शिक्षक उठले आणि त्यांनी खिशातून घडी केलेले दोन कागद काढले. पहिला माहिती अधिकाराचा, जोडपत्र 'अ'मधला अर्ज, कोपऱ्यात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दुसरा जनमाहिती अधिकाऱ्याचं उत्तर. गावच्या रस्त्याच्या कामावरून एका अभियंत्याची चौकशी झाली होती, तिचा अहवाल त्यांनी मागितला होता. उत्तर एका ओळीचं : सदर माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(ञ) अन्वये देता येत नाही.

"साहेब, हाच अहवाल तुम्ही सभागृहात मागितलात तर मिळेल ना?" त्यांनी विचारलं.

"मिळेल की."

"मग मला का नाही?"

या प्रश्नाचं उत्तर नोव्हेंबर २०२५ पर्यंत कायद्यातच छापलेलं होतं. माहिती अधिकार कायद्याच्या त्या कलमाखाली एक परंतुक, म्हणजे मूळ नियमाला मर्यादा घालणारं वाक्य, होतं : जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येणार नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. आमदार आणि मतदार यांना एका पातळीवर आणणारी ही एकच ओळ. ती कशी आली आणि कशी गेली, हे समजून घ्यायचं तर आधी एका शब्दाचा गुंता सोडवावा लागतो.

तो शब्द म्हणजे गोपनीयता. मंत्री 'पद आणि गोपनीयतेची शपथ' घेतात, तिथे हा शब्द सरकारच्या कागदपत्रांबद्दल आहे. कारभारात जे कळेल ते बाहेर फोडणार नाही, असा त्याचा अर्थ. आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने माणसाच्या खासगी आयुष्याला मूलभूत हक्काचं संरक्षण दिलं, तेव्हा बातम्यांत लिहून आलं 'गोपनीयतेचा अधिकार'. एका ठिकाणी सरकारने झाकून ठेवायचं, दुसऱ्या ठिकाणी सरकारपासून नागरिकाने जपायचं, आणि दोन्हींना शब्द एकच. काहींनी 'खासगीपणा' लिहिलं, तेच बरोबर होतं. पण कार्यालयांत रुळला तो पहिला शब्द, आणि त्याच्या आडून फार काही झाकता येतं. गावच्या रस्त्याची चौकशी ही त्या अभियंत्याच्या घरातली गोष्ट नव्हे. तो रस्ता सरकारी पैशाने झाला आणि चौकशीही सरकारी पैशानेच झाली. मला यातली सगळ्यात मोठी गफलत इथेच दिसते.

जुना इतिहास थोडक्यात. सरकारी गुपितांचा कायदा १९२३ चा, इंग्रजांचा, आणि तो अजून लागू आहे. राज्यघटनेत खासगीपणाचा वेगळा उल्लेख नाही. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी आणि १९६२ मध्ये सहा न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने असा मूलभूत हक्क मान्य केला नाही. दुसऱ्या खटल्यात पोलिसांनी रात्री-अपरात्री संशयिताच्या घरी जाणं मात्र रद्द झालं. पुढे निकाल हळूहळू वळत गेले.

लोकप्रतिनिधींच्या बाबतीत खरी परीक्षा झाली ती २००२-०३ मध्ये. उमेदवारांनी आपली संपत्ती, शिक्षण आणि फौजदारी खटले जाहीर करावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मे २००२ मध्ये आला. संसदेने कायद्यात दुरुस्ती करून त्याची धार बोथट केली. मार्च २००३ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्तीच रद्द केली. पती किंवा पत्नीच्या संपत्तीचा तपशील देणं हा खासगीपणाचा भंग आहे, हा मुद्दाही तिथे आला होता. मतदाराचा जाणून घेण्याचा हक्क त्याहून मोठा ठरला. आज प्रत्येक उमेदवाराचं शपथपत्र आपण मोबाइलवर उघडून वाचतो, ते त्यामुळे.

त्याच सुमारास महाराष्ट्रात माहितीच्या हक्काचं आंदोलन जोरात होतं. गोव्याने १९९७ मध्येच कायदा केला होता. महाराष्ट्राचा २००० चा कायदा इतका लेचापेचा होता की तो बाजूला ठेवून नवा करावा लागला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषण झालं. पुढे देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. त्यात (ञ) हा खंड नीट तोलून लिहिलेला होता. माहिती वैयक्तिक असेल, सार्वजनिक कामाशी तिचा संबंध नसेल किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण आक्रमण होणार असेल, तर ती नाकारता येई. व्यापक जनहित असेल तर तीही द्यावी लागे. आणि शेवटी ते परंतुक.

त्या परंतुकाचा कस लागला तो महाराष्ट्रातल्याच एका आमदारामुळे. मंत्रिपद भूषवलेल्या या आमदाराला मे २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवमानाबद्दल एक महिन्याची कैद दिली. त्यातले बरेचसे दिवस त्याने मुंबईच्या सरकारी रुग्णालयात काढले. एका नागरिकाने त्याच्या वैद्यकीय अहवालांची मागणी केली. आमदाराने विरोध केला : रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातली ही बाब आहे, वैद्यकीय व्यवसायाचे नियमही हेच सांगतात. आक्षेप फालतू नव्हता. आजारपणाचा कागद हा खासगीपणाचा गाभाच. कैदी झाला म्हणून माणूस रुग्ण असायचं थांबत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २००७ मध्ये निकाल दिला तो परंतुकावर बोट ठेवून. हे परंतुक फक्त (ञ) खंडापुरतं आहे, असं आधी स्पष्ट केलं. मग विचार असा : कैदी तुरुंगाऐवजी रुग्णालयात का आहे, हे विधिमंडळाने विचारलं तर सरकार नाही म्हणू शकेल का? शकत नसेल, तर नागरिकालाही नाही म्हणता येणार नाही. अपवाद करायचा तर सबळ कारण लेखी द्यावं लागेल. या निकालावर वाद झाला आणि तो आजही आहे. माझ्या मते इतर कैद्यांच्या आजारांपर्यंत तो जसाच्या तसा ताणणं चुकीचं ठरेल. पण मूळ युक्तिवाद पक्का होता. आमदाराला सभागृहात प्रश्न विचारण्याचा अधिकार मतदारानेच दिला आहे. देणाऱ्याकडे तो कमी कसा असेल?

पाच वर्षांनी वारा फिरला. अकोल्यातल्या एका केंद्रीय कर्मचाऱ्याच्या नोकरीचे कागद मागितले गेले होते : कारणे दाखवा नोटिसा, शिक्षेचे आदेश, मालमत्तेची विवरणं. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ही कर्मचारी आणि मालक यांच्यातली बाब आहे, म्हणून वैयक्तिक. परंतुकाचा विचारच झाला नाही, असा आक्षेप माहिती अधिकारात काम करणारे आजही घेतात. २०१४ मध्ये राज्य शासनाने त्या निकालाच्या आधारे परिपत्रक काढलं आणि कार्यालयाकार्यालयांत नकाराचा ठरावीक मजकूर तयार झाला.

२४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणाचा हक्क मान्य केला. तो आधारच्या संदर्भात होता, म्हणजे सरकार नागरिकाची किती माहिती गोळा करू शकतं, या प्रश्नातून आला होता. त्यानंतर निवृत्त न्यायमूर्तींच्या समितीने २०१८ मध्ये वैयक्तिक विदेच्या (डेटाच्या) संरक्षणाच्या कायद्याचा मसुदा दिला. त्यातही (ञ) बदलायचं होतं, पण होणारं नुकसान आणि जनहित यांची तुलना त्यात ठेवलेली होती. २०१९ चं विधेयक संयुक्त समितीत अडकलं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं. नवं डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण विधेयक ऑगस्ट २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांनी आठवडाभरात मंजूर केलं. त्याच्या कलम ४४(३) ने (ञ) खंडात एवढंच शिल्लक ठेवलं : वैयक्तिक माहितीशी संबंधित असलेली माहिती. तुलना गेली, परंतुकही गेलं.

सरकारचं म्हणणं असं की कलम ८(२) जागेवर आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येतेच. हे खरं आहे. पण जनहित सिद्ध करण्याचं ओझं आता अर्जदारावर आलं. नव्या कायद्यात वैयक्तिक विदा म्हणजे ओळखता येणाऱ्या व्यक्तीविषयीची कोणतीही विदा. कुलाब्यातल्या 'आदर्श' इमारतीचं प्रकरण उभं राहण्यात तिच्या सभासदांची यादी कळीची होती. यादी म्हणजे नावं, आणि नाव आलं की माहिती वैयक्तिक.

या नव्या कायद्याची बाकीची बरीच कलमं टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहेत. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या, ज्या मोडल्या तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, त्यांना दीड वर्षाची सवलत मिळाली. ४४(३) ला नाही. नियमांबरोबर ते नोव्हेंबर २०२५ मध्येच अमलात आलं.

आमदारांनी शिक्षकांचे दोन्ही कागद घेतले. कायदा केंद्राचा आहे, तो बदलणं आपल्या हातात नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. पुढच्या अधिवेशनात तारांकित प्रश्न टाकतो, म्हणाले, आणि स्वीय सहायकाला रस्त्याचा क्रमांक आणि मंजुरीचं वर्ष लिहून घ्यायला लावलं. शिक्षकांनी जोडपत्र 'अ' परत मागून घेतलं. प्रथम अपिलाची तीस दिवसांची मुदत अजून संपलेली नव्हती.