जुना बोर्ड द्यायचाय? आधी सुकवा, मग आणा
(सर्फिंग करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

वर्षातून दोनदा आमच्या वर्कशॉपमध्ये जुन्या सर्फबोर्डांची रीघ लागते. एकदा पावसाच्या तोंडावर माळे रिकामे होतात तेव्हा, आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत. "नुसता पडून आहे, कुणा मुलाच्या उपयोगी पडला तर बघा," असं म्हणून लोक बोर्ड ठेवून जातात. त्या बोर्डांची गरज खरी आहे. किनाऱ्यावरच्या वस्त्यांमधल्या मुलांना सर्फिंग आणि पाण्यातला बचाव शिकवणारे गट आहेत. त्यांच्या दारात समुद्र आहे, शिकवणारे आहेत, कमी पडतात ते बोर्ड. नवा बोर्ड बहुतेक वेळा बाहेरून येतो आणि त्याच्या किमतीवर वाहतूक आणि आयातशुल्क चढतं. त्यामुळे धडधाकट जुन्या बोर्डाला मोल आहे.

पण आलेले बरेच बोर्ड आतून ओले असतात. डिंगवर (आवरणाला पडलेल्या खड्ड्यावर किंवा चिरेवर) एम-सील थापलेलं, त्यावर खाकी टेप, आणि आत मागच्या पावसाळ्यापासून कोंडलेलं खारं पाणी. असा बोर्ड मुलांपर्यंत पोचायला दोन-दोन महिने लागतात, आणि काही कधीच पोचत नाहीत. हे पत्रक मुख्यतः त्यासाठीच आहे.

पाणी आत राहिलं की काय होतं

बोर्ड म्हणजे आत हलका फोम आणि वर फायबरचं आवरण. ओल्या फोमला रेझिन (फायबर चिकटवणारं, सुकून कडक होणारं द्रव्य) धरत नाही. वरून कितीही सफाईने पॅच मारला तरी आठवड्याभरात त्याची कड सुटते. त्याहून वाईट म्हणजे बंद केलेला ओला बोर्ड उन्हात तापतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती फायबरचं आवरण फोमपासून सोडवते. डेकवर, म्हणजे बोर्डाच्या वरच्या बाजूवर, हात फिरवला की फुगलेल्या पुरीसारखा भाग लागतो, तो हाच. हे एकदा झालं की साधी डिंग-दुरुस्ती पुरत नाही. तेवढं आवरण कापून काढावं लागतं.

तुमच्या बोर्डातला फोम पीयूचा (पॉलियुरेथेन) आहे की ईपीएसचा (पॉलिस्टायरीन), ते आधी बघून घ्या. डिंगमध्ये साबुदाण्यासारखे दाणे दिसले तर तो ईपीएस, म्हणजे आपला थर्माकोलच. बारीक, भुकटीसारखा एकसंध फोम दिसला तर पीयू. पीयूमध्ये पाणी डिंगच्या आसपास राहतं आणि तिथला फोम पिवळा-तपकिरी पडतो. ईपीएसमध्ये ते दाण्यांच्या फटींतून लांबवर पसरतं. नाकाला डिंग आणि शेपटीला पाणी, हे ईपीएसच्या बोर्डात नेहमी दिसतं.

हार्डवेअरच्या दुकानात 'फायबरचं रेझिन' म्हणून मिळतं ते बहुधा पॉलिएस्टर असतं. ते पीयूवर चालतं, पण ईपीएसवर ओतलं की थर्माकोल विरघळतो आणि रुपयाएवढ्या डिंगचा मुठीएवढा खड्डा होतो. फेविक्विकचंही तसंच. ईपीएसला फक्त इपॉक्सी जातीचं रेझिन लागतं. एम-सील फोम खात नाही, पण ते दगडासारखं घट्ट होतं. ते घासून काढताना शेजारचं चांगलं फायबरही जातं. म्हणून घरी काहीच भरू नका, डिंग उघडी ठेवा.

सुकवायचं कसं

टेप काढा. डिंग गोड्या पाण्याने नीट धुवा. ही पायरी सगळे गाळतात. आत मीठ राहिलं तर ते मुंबईच्या दमट हवेतली ओल ओढत राहतं आणि बोर्ड कधी पुरता सुकत नाही. मग डिंग खाली येईल असा बोर्ड उभा किंवा आडवा ठेवा, म्हणजे पाणी आपोआप निथळेल. जागा सावलीची आणि वाऱ्याची हवी, पंख्याखाली ठेवलात तर उत्तम. गच्चीवरच्या दुपारच्या उन्हात ठेवू नका, बंद गाडीत तर नकोच. त्या उष्णतेने ईपीएस मऊ पडतो आणि आवरण सुटतं.

किती दिवस? पीयूला आठ-दहा, ईपीएसला दोन-तीन आठवडे. जुलै-ऑगस्टमध्ये याच्या दुप्पट धरा, किंवा एसी चालतो त्या खोलीत ठेवा. अंदाजावर जाऊ नका, वजन करा. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा घ्या, बोर्ड दोरीने टांगा आणि आकडा पेन्सिलीने टेपच्या तुकड्यावर लिहून बोर्डालाच चिकटवा. दोन दिवसांनी पुन्हा तोला. वजन उतरत असेल तर पाणी अजून आहे. तीन वेळा तोच आकडा आला की बोर्ड सुकला. सहा फुटी पीयू शॉर्टबोर्ड साधारण अडीच-तीन किलोचा असतो. तुमचा चार भरत असेल तर आत काय आहे ते वेगळं सांगायला नको.

"फुकट देतोय, तरी पैसे कसले?"

हा प्रश्न आम्हाला दर हंगामात विचारला जातो. दान म्हणून आलेल्या बोर्डाची मजुरी आम्ही घेत नाही. रेझिन, फायबरचं कापड आणि सँडपेपरचा खर्चही आम्हीच करतो. ओला बोर्ड आला तरच सुकवणीचे पैसे घेतो, कारण तो आठवडेच्या आठवडे रॅक अडवतो, डिह्युमिडिफायर चालू ठेवावा लागतो आणि पैसे देऊन दुरुस्तीला आलेल्या ग्राहकाचा बोर्ड बाहेर ताटकळतो. सुका बोर्ड आणा, एक पैसा लागणार नाही.

काही बोर्ड आम्ही परतही करतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. उघड्या फायबरची कड मुलाच्या मांडीला सुरीसारखी लागते. पाणी पिऊन जड झालेला सॉफ्टटॉप (वरून मऊ फोमचा, शिकण्यासाठीचा बोर्ड) लाटेत शिकणाऱ्याच्याच अंगावर येतो. आपण स्वतःच्या मुलाला ज्यावर पाठवणार नाही, तो बोर्ड दुसऱ्याच्या मुलाला द्यायचा नाही, एवढी एकच कसोटी आम्ही लावतो.

आणण्याआधी पाय घसरू नये म्हणून बोर्डावर लावलेलं वॅक्स काढा. दहा मिनिटं कोवळ्या उन्हात ठेवलात की ते मऊ होतं. मग जुन्या प्लास्टिक कार्डाने नाकाकडून शेपटीकडे खरवडा. निघालेलं वॅक्स सुक्या कचऱ्यात टाका, मोरीत नको, तिथे ते गोठून बसतं. फिन (बोर्डाखालचे पंख) आणि ते काढायची-बसवायची चावी एका पिशवीत घालून बोर्डाला बांधा. चावीविना आलेले फिनबॉक्स (फिन बसवायच्या खाचा) ही आमची दुसरी डोकेदुखी.

लीश (बोर्ड पायाला बांधून ठेवणारी दोरी) मात्र जुनी देऊ नका. ताणून बघा. दोरीवर नखाएवढी जरी चीर दिसली, वेल्क्रो हाताने सहज सुटत असेल किंवा स्विव्हल (दोरीचा फिरता सांधा) गंजून अडकत असेल, तर ती टाकून द्या. लीश तुटली की बोर्ड किनाऱ्याकडे जातो आणि मूल खोल पाण्यात राहतं. जुन्या बोर्डासोबत नवी लीश द्यायची असेल तर बोर्डाच्या लांबीएवढी घ्या. दान द्यायच्या लीश आमच्याकडे खरेदीच्या भावात मिळतात. लहान मापाच्या रॅश व्हेस्टचीही (पाण्यात घालायच्या अंगाबरोबरच्या शर्टाचीही) कायम चणचण असते.

बोर्ड नसेल तर

पैशांची मदत करायची असेल तर आधी त्या गटाला काय हवंय ते विचारा. बहुतेकांना प्रथमोपचाराचं सामान आणि प्रवासखर्च लागतो. करसवलत हवी असेल तर पावती मागून घ्या. ती सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि 2000 रुपयांवरची रोख देणगी तिच्यात धरत नाहीत.

किनारा साफ करायचा असेल तर वेळ तिथीवरून ठरवा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हा कोकणातला जुना हिशोब मुंबईतही ढोबळमानाने जुळतो. चतुर्थीला तीन, म्हणजे पहाटे तीनला पूर्ण भरती आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी, सकाळी नऊ-सव्वानऊला, पूर्ण ओहोटी. संकष्टी किंवा विनायकीला साडेसातला सुरुवात केलीत तर पाणी मागे सरकत जातं आणि तुम्हाला भरपूर वाळू मोकळी मिळते. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास भरती असते, त्या सकाळी पाणी तुमच्या अंगावर येत राहणार.

पिशव्या भरण्याआधी वाळू तिथेच झटका. ओल्या वाळूने भरलेलं प्लास्टिक भंगारवालाही घेत नाही. वाळूत रुतलेलं जाळं ओढू नका, चाकूने तुकडे करत काढा. किनाऱ्यावर पसरलेलं प्रत्येक जाळं कचरा नसतं, कोळीबांधवांनी ते वाळत घातलेलं असतं. आधी विचारा. पालिकेच्या विभाग कार्यालयाला दोन-तीन दिवस आधी कळवून गाडीची वेळ पक्की करा. नाहीतर भरलेल्या पिशव्या तिथेच राहतात आणि पुढची भरती त्या परत आत नेते.

वर्सोव्याला ऑक्टोबर 2015 मध्ये वकील अफरोज शाह यांनी सफाई सुरू केली, आणि मार्च 2018 मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली. मधली अडीच वर्षं लोक आठवड्यामागून आठवडे तिथे जात राहिले होते. पावसाळ्यात थकलेलं मोठं कासव वाहून आलेलं दिसलं तर त्याला पाण्यात ढकलू नका. सावली करा, पाठीवर ओला कपडा ठेवा, नाकपुड्या मोकळ्या सोडा आणि वनविभागाच्या 1926 वर फोन करा.

आणखी एक काम फक्त आपणच करू शकतो. नाल्याचं पाणी कुठे, कधी समुद्रात येतं ते लाटेत बसलेल्या माणसाला सगळ्यांत आधी कळतं. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये 1990 साली सर्फर्सनी याच कारणासाठी 'सर्फर्स अगेन्स्ट सूएज' ही संघटना काढली. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, जागा आणि फोटो एवढं टिपून पालिकेच्या 1916 वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. आमच्या काउंटरवर यासाठी एक वही ठेवली आहे. त्याच नाल्याबद्दल दहा जणांच्या नोंदी जमल्या की पाठपुरावा सोपा जातो.

बोर्ड आणण्याआधी डिंगचा जवळून एक फोटो आणि काट्यावरचे शेवटचे तीन आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. घ्यायचा की नाही ते त्याच दिवशी सांगू. आमच्याकडून नवा बोर्ड घेणाऱ्यांचा जुना बोर्ड आम्ही घरून घेऊन जातो, तोही सुकलेला असेल तरच.