गूसचं गीस होतं, मग मुंगसाचं का नाही?

माउसचं माइस, गूसचं गीस. शाळेत ही इंग्रजी अनेकवचनं 'अपवाद' म्हणून पाठ करून घेतात, याचं मला नेहमी वाईट वाटतं. यामागे अगदी काटेकोर ध्वनिनियम आहे.

इंग्रजीच्या पूर्वज भाषेत उंदीर म्हणजे 'मूस' आणि अनेक उंदीर म्हणजे साधारण 'मूसिझ'. 'ऊ' म्हणताना जिभेचा मागचा भाग उचलला जातो, 'इ' म्हणताना पुढचा. पुढे 'इ' यायची आहे म्हणून जीभ आधीच पुढे सरकू लागली. ओठ 'ऊ'सारखे गोल ठेवून 'ई' म्हणून पाहा, त्या काळी तयार झालेला स्वर सापडेल. मग शब्दाच्या शेवटचं 'इझ' झिजून गेलं आणि एकवचन-अनेकवचनातला फरक दाखवायला फक्त बदललेला स्वर उरला. पुढे ओठांचा गोलवाही गेला आणि 'मीस' राहिलं. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीचे सगळे दीर्घ स्वर सरकले, तेव्हा 'मूस'चं माउस आणि 'मीस'चं माइस झालं. गूस-गीसही याच वाटेने आले.

मुंगूस मात्र इंग्रजीत 17व्या शतकात गेलं, तेही आपल्या मराठीतून! 'मूस' हे हरणाच्या कुळातल्या मोठ्या प्राण्याचं नाव त्याच शतकात उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या अल्गोंक्वियन भाषांतून आलं. तोवर पुढच्या 'इ'मुळे होणारा तो पहिला ध्वनिबदल संपून हजारेक वर्षं झाली होती. म्हणून मुंगसाचं इंग्रजी अनेकवचन मुंगूसेस, 'मुंगीस' नाही, आणि या मूसचंही 'मीस' होत नाही.

गूस आणि आपला हंस, माउस आणि मूषक हे खरोखर एकाच कुळातले शब्द आहेत. त्यावरून 'इंग्रजी संस्कृतातून निघाली' असे संदेश फिरतात, ते चूक आहे. दोन्ही भाषा एका तिसऱ्या, त्याहून जुन्या भाषेच्या लेकी आहेत. हंसातला अनुस्वार जर्मन 'गान्स'मध्ये टिकला, इंग्रजीत 'स'च्या आधीचा 'न' गळला.

शेळीचंही अनेकवचन जुन्या इंग्रजीत स्वर बदलूनच व्हायचं. पुढे लोकांनी सरळ 'स' लावून गोट्स केलं. गायीचं तसं रूप होतं 'काय'. त्याला ऑक्सनमधला (ऑक्स म्हणजे बैल, त्याचं अनेकवचन) 'न' चिकटून 'काइन' झालं आणि 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये फेरोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, स्वप्नातल्या सात गायी 'काइन'च आहेत. आज सगळे काउज म्हणतात. स्कॉटलंडच्या बोलीत 'काय' अजून आहे.