बुश निवडताना आधी दिशा पाहा

स्पोर्ट्स कार जुनी होत गेली की तिची चाल सैल पडते. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. स्टिअरिंग फिरवल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग गाडी एकदम वळते. शॉक अब्सॉर्बर बदलले, टायर नवे घातले, तरी तक्रार तशीच राहते. अशा वेळी चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यांच्या, म्हणजे आर्मच्या टोकाला बसलेले रबरी बुश तपासायलाच हवेत.

बुशची रचना साधी असते. आत धातूची एक नळी, बाहेर दुसरी आणि मधे रबर. आतली नळी बोल्टने सबफ्रेमला, म्हणजे बॉडीखालच्या सांगाड्याला आवळलेली, बाहेरची आर्ममध्ये दाबून बसवलेली. चाक वर-खाली होतं तेव्हा इथे काहीही घसरत नाही. रबर दोन्ही नळ्यांना पक्कं चिकटलेलं असल्याने आर्म फिरला की ते पिळलं जातं. म्हणून त्याला ग्रीस लागत नाही आणि ते करकरतही नाही. शिवाय पिळलेलं रबर मूळ जागी येताना घेतलेली सगळी ऊर्जा परत करत नाही, थोडी उष्णतेच्या रूपाने निघून जाते. रस्त्याची थरथर केबिनपर्यंत येता येता बरीच कमी होते, त्यात या गुणाचा मोठा वाटा आहे.

पण ओझोनने रबराला चिरा पडतात, गळणाऱ्या ऑइलने ते फुगतं आणि शेवटी धातूपासून सुटतं. आर्मच्या बाजूला सळई घालून हलकं उचकून पाहिलं की चीर उघडते आणि आतली नळी सरकताना दिसते. ही सरक मिलिमीटरभर असली तरी क्षुल्लक नसते. चाकाला दिशा देणारा जोड वळणाच्या अक्षापासून 120 मिलिमीटरवर असेल, तर 1 मिलिमीटर ढिलाईने चाकाची दिशा जवळजवळ अर्ध्या अंशाने बदलते. अलाइनमेंट करताना टो, म्हणजे चाक आत किंवा बाहेर किती वळलेलं आहे तो कोन, अंशाच्या दहाव्या हिश्शापर्यंत जुळवतात, हे लक्षात घेतलं की अर्धा अंश किती मोठा ते कळतं.

मग नवा बुश कोणता घ्यायचा? बहुतेकांची नजर लगेच पॉलियुरेथेनकडे जाते. ऑटो बायर यांच्या चमूने 1937 मध्ये जर्मनीत विकसित केलेलं हे द्रव्य तेलाला दाद देत नाही आणि हव्या त्या कठीणपणाचं बनवता येतं. मूळ रबरी बुशचा कठीणपणा शोअर ए मापावर साधारण 50 ते 65 असतो, तर पॉलीचे बुश बहुधा 70 ते 95 च्या घरात असतात. पण खरा फरक या आकड्यात नाही. पॉलीचा बुश सहसा नळीला चिकटवलेला नसतो, तो नळीवर फिरतो. त्याला ग्रीस लागतं आणि ते सुकलं की तो अडकत-सुटत फिरतो, करकरतो.

आणि तो सगळ्याच दिशांना कठीण असतो. कारखान्यातून आलेल्या रबरी बुशमध्ये पुष्कळदा मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात, म्हणजे तो पुढे-मागे मऊ आणि आडवा ताठ राहतो. ही लवचीकता हिशोबाने दिलेली असते. 1977 साली आलेल्या पोर्शे 928 चा मागचा एक्सल याचं सुंदर उदाहरण आहे. वळणात अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडला की जुन्या पद्धतीच्या आर्मवरची मागची चाकं बाहेरच्या दिशेला वळू पाहत आणि गाडीची शेपटी निसटे. पोर्शेच्या अभियंत्यांनी आर्मचा पुढचा आधार असा लवता केला, की वेग कमी होताना लागणाऱ्या ओढीनेच चाक किंचित आत वळावं. अशा जागी सरसकट कठीण बुश बसवला तर ती सारी मेहनत वाया जाते.

म्हणून प्रत्येक बुशला कोणत्या दिशेने हलायचं आहे, ते आधी पाहावं. माझदा एमएक्स-5 सारख्या डबल विशबोन गाडीत, म्हणजे चाकाला वर आणि खाली एकेक दुबेळक्या आकाराचा आर्म असतो तिथे, आर्मचे दोन्ही बुश एकाच अक्षावर फिरतात, तिथे पॉली छान चालतं. उलट 1979 ते 2004 च्या काळातल्या बहुतेक फोर्ड मस्टँगचा अखंड मागचा एक्सल चार आर्मवर टांगलेला आहे आणि त्यातले वरचे दोन तिरके आहेत. गाडी वळणात झुकली की या आर्मना फिरता फिरता पिळावंही लागतं. रबर ते सहन करतं. कठीण पॉली अडून बसतं, मागचं सस्पेन्शन अचानक ताठ होतं आणि टायरची पकड न सांगता सुटते.

बुशच्या जागी बसवल्या जाणाऱ्या गोलाकार धातूच्या बेअरिंगची ही अडचण नाही, ते सर्व कोनांत मोकळं फिरतं. मात्र प्रत्येक धक्का थेट बॉडीला देतं आणि धुळीने लवकर झिजतं. ट्रॅकवरच्या गाडीला ते शोभतं. रोजच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला आधी सगळे मूळ रबरी बुश नवे घालावेत, असं माझं ठाम मत आहे. कित्येकदा गाडीची हरवलेली धार तेवढ्यानेच परत येते. त्यानंतरही कमी वाटलं, तर एकाच अक्षावर फिरणारे पुढचे बुश तेवढे कठीण करून पाहावेत.

रबरी बुश बसवताना गाडी जॅकवर असते, चाकं खाली लोंबत असतात आणि बोल्ट तिथेच आवळायचा मोह होतो. तसं केलं तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि काही महिन्यांत फाटू शकतं. बोल्ट आधी हातानेच लावावेत, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्यावं, मग ठरलेल्या टॉर्कने आवळावेत आणि त्यानंतरच अलाइनमेंट करून घ्यावं.