सुरम्याचा खडा हाताला जड लागला तर

उरुसाच्या बाजारात बांगड्यांची दुकानं संपली की अत्तरवाले लागतात आणि त्यांच्या शेजारी एखादा सुरमेवाला हमखास बसलेला असतो. खाली अंथरलेलं कापड, त्यावर पितळी सुरमादाण्या, काचेच्या सलाया, पुड्या, आणि मधोमध दोन-चार काळे चकाकते खडे. खडे विकायचे नसतात. माल दगडापासून घोटलेला आहे, एवढं गिऱ्हाइकाला पटावं म्हणून ते तिथे ठेवलेले असतात.

आमच्या तालुक्याच्या उरुसात मी अशाच एका म्हाताऱ्या सुरमेवाल्यापुढे उकिडवा बसलो होतो. भूशास्त्र शिकवण्यात वीसेक वर्षं गेली, त्यामुळे माझी नजर पुड्यांवर कमी आणि खड्यांवर जास्त. चाचांनी त्यातला एक उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

"असली इस्मिद आहे, सर. नुसतं वजन बघा."

लिंबाएवढा खडा, पण हात खाली गेला. चाचांनी जे असलीपणाचं लक्षण म्हणून सांगितलं, त्यावरूनच मला कळलं की हा इस्मिद नाही. हा गॅलेना आहे, शिशाचा दगड. चाचा फसवत नव्हते. त्यांच्या वडिलांनी त्यांना हाच दगड इस्मिद म्हणून दाखवला होता. घोळ फार जुना आहे आणि त्यात एकट्या चाचांचा दोष नाही.

सुरमा या एकाच नावाखाली दोन वेगळी खनिजं नांदतात. एक गॅलेना, म्हणजे शिसं आणि गंधक यांचं संयुग, जगातलं शिशाचं सगळ्यात महत्त्वाचं धातुक. दुसरं स्टिबनाइट, म्हणजे अँटिमनी आणि गंधक यांचं संयुग. अरबी इस्मिद म्हणजे अँटिमनीचा दगड, असाच अर्थ आज सर्वसाधारणपणे घेतला जातो. दोन्ही करडे, दोन्ही धातूसारखे चमकणारे, दोन्ही मऊ, दोन्हींची पूड काळी. फरशीच्या खरखरीत मागच्या बाजूवर ओढले तर दोघांची रेघही सारखीच, शिसवी करडी. खनिज ओळखण्याची ही रेघेची परीक्षा एरवी भरवशाची, पण इथे तिचा काही उपयोग नाही.

उपयोग होतो तो फोडण्याचा. चाचांकडून तो खडा मी विकत घेतला, घरी आणून वर्तमानपत्रावर ठेवला आणि हातोडीनं हलकेच टिचकला. त्याचे वाट्टेल तसे तुकडे झाले नाहीत. त्यातून चौकोनी ठोकळे सुटले. मोठ्या ठोकळ्यावर पुन्हा टिचकी मारली तर त्यातून लहान ठोकळे, आणि त्यातल्याही सगळ्यात बारीक कणाकडे भिंगातून पाहिलं तर तोही चौकोनीच. तुटलेल्या कडेला जिन्यासारख्या पायऱ्या, प्रत्येक पायरी आरशासारखी लख्ख. खडे मीठ कधी निरखून पाहिलंय का? तेही असंच चौकोनात फुटतं, आणि हा योगायोग नाही. मिठात सोडियम आणि क्लोरीनचे अणू ज्या चौकटीत बसलेले असतात, अगदी त्याच चौकटीत गॅलेनामध्ये शिसं आणि गंधक बसलेले असतात. एकमेकांना काटकोनात असलेल्या तिन्ही दिशांनी ती चौकट सारखीच सहज सुटते, म्हणून ठोकळे.

स्टिबनाइटचा स्वभाव निराळा. आमच्या कॉलेजच्या कपाटात त्याचा एक नमुना आहे. विद्यार्थ्यांना तो दाखवताना मी म्हणतो, तुराट्यांची पेंढी आठवा. लांब, सरळ काड्या एकमेकींना चिकटलेल्या, प्रत्येक काडीच्या अंगावर लांबीच्या दिशेनं बारीक रेघा. आत अँटिमनी आणि गंधकाच्या लांब साखळ्या असतात. साखळी स्वतः मजबूत, पण शेजारच्या साखळीशी तिचं नातं सैल. म्हणून तो एकाच दिशेनं, पात्यांसारखा सुटतो. पातळ पातं जपून दाबलं तर किंचित वाकतंसुद्धा. गॅलेना वाकत नाही, चुरतो.

चाचांनी ज्याकडे बोट दाखवलं होतं, त्या वजनाकडे आता येऊ. पाण्याच्या तुलनेत गॅलेना साधारण साडेसात पट जड, स्टिबनाइट साधारण ४.६ पट, आणि आपल्या शेताच्या बांधावरचा काळा पाषाण जेमतेम तीनपट. एका काड्यापेटीएवढा, म्हणजे सुमारे २५ घन सेंटिमीटरचा तुकडा घेतला तर पाषाण सव्वा छटाकाच्या जवळपास, म्हणजे ७५ ग्रॅमच्या आत भरेल, स्टिबनाइट ११५ ग्रॅम आणि गॅलेना जवळजवळ १९० ग्रॅम. वजनानं पाहिलं तर शुद्ध गॅलेनात ८६.६ टक्के शिसंच असतं. स्टिबनाइटमध्ये अँटिमनी सुमारे ७२ टक्के, आणि अँटिमनीचा अणू शिशाच्या अणूपेक्षा पुष्कळ हलका. हाताला सवय झाली की तराजूसुद्धा लागत नाही.

नखाचीही एक खूण आहे. स्टिबनाइटवर नखाचा ओरखडा उमटतो. गॅलेना जरा टणक, त्यावर नख बहुधा घसरतं, तांब्याचं नाणं मात्र चालतं. तापमानाचा फरक तर फारच मोठा: स्टिबनाइट साडेपाचशे अंशांच्या आसपासच वितळतो, त्याची बारीक काडी मेणबत्तीच्या ज्योतीतही पाघळते. गॅलेनाला अकराशे अंशांच्या वर जावं लागतं. पण हे वाचून घरी ज्योतीत धरून बघू नका. दोन्ही दगड तापले की गंधकाचा कोंदट धूर सुटतो आणि त्यातून आणखी काय काय नाकात जाईल ते सांगून परवडणारं नाही.

हे दोन्ही दगड येतात कुठून? मराठवाड्यातून नाही. कुणी "आमच्या डोंगरात सुरम्याचा दगड सापडतो" म्हणालं तर त्याला नक्की दुसरंच काहीतरी सापडलंय. आपला बहुतेक सगळा भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. विहीर खोदताना त्यातून गारगोट्या निघतात, कॅल्साइट निघतं, पांढरे-हिरवट झिओलाइटचे सुंदर घोस निघतात, पण शिशाच्या शिरा नाहीत. नांदेडच्या पूर्व भागात, देगलूर-बिलोलीकडे लाव्हाखालचा जुना ग्रॅनाइट उघडा पडलाय, पण शिशाची खाण तिथेही नाही.

गॅलेना जमतो तो बहुधा खोलवरून आलेल्या गरम, खारट पाण्यातून. असं पाणी खडकांच्या भेगांत किंवा चुनखडकात शिरतं, बरोबर विरघळलेले धातू आणतं, आणि गंधक भेटला की ते धातू तिथेच टाकून पुढे जातं. म्हणून गॅलेना एकटा क्वचितच सापडतो. जस्ताचं स्फॅलेराइट त्याच्या सोबतीला जवळजवळ ठरलेलं. भारतात ही जोडी राजस्थानात आहे: उदयपूरजवळचं जावर, राजसमंदचं दरिबा, भिलवाड्याचं रामपुरा आगुचा. गॅलेनात थोडी चांदीही मुरलेली असते, आणि आपल्या देशात निघणारी बहुतांश चांदी याच शिसं-जस्ताच्या खाणींतून मिळते. शिसं स्वतः जातं मुख्यतः बॅटऱ्यांत. ट्रॅक्टरची असो की लोडशेडिंगच्या दिवसांत घेतलेल्या इन्व्हर्टरची, ती उचलताना कंबर का धरते ते गॅलेना हातात घेतलेल्याला सांगावं लागत नाही. स्टिबनाइट भारतात हिमाचलच्या लाहौल-स्पितीत, बडा शिगरी हिमनदीच्या परिसरात आढळतो. जगाला अँटिमनी पुरवण्यात चीन फार पुढे, त्यातही हुनान प्रांत.

गॅलेनाची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जगदीशचंद्र बोसांनी याच खनिजाचा स्फटिक वापरून विद्युतलहरी टिपणारं साधन बनवलं. १९०१ मध्ये त्यांनी अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला, १९०४ मध्ये ते मिळालं. पुढे सुरुवातीच्या कित्येक रेडिओंमध्ये गॅलेनाच्या खड्यावर बारीक तार टेकवून आवाज पकडत असत. आज मोबाइलच्या पोटात असलेल्या अर्धवाहकांच्या घराण्यातला हा अगदी पहिल्या पिढीतला दगड.

आपल्या मातीशी मात्र या दोन्ही दगडांचं नातं जुनं आहे, ते व्यापारातून आलेलं. सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली, आणि पैठण ही त्यांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्यात तांबं आणि कथलाबरोबर शिसं आहे, आणि वेगळ्या नावानं सुरम्याचा दगडही आहे, ‘स्तिमी’. याच ग्रंथात भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, असा पत्ता दिलाय. तेरला गेलो की संग्रहालयातल्या जुन्या वस्तू बघताना मला नेहमी वाटतं, त्या बैलांच्या पाठीवरून हा काळा दगड इथवर आलाच असणार.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या यादीत शिसं आणि सुरमा वेगळे मोजलेत. गोंधळ झाला तो वापरात. त्या ग्रीक ‘स्तिमी’शी लॅटिन ‘स्टिबियम’चं नातं आहे, आणि त्यावरूनच अँटिमनीचं रासायनिक चिन्ह ठरलं. पण इजिप्तमधल्या प्राचीन काजळाच्या कुप्या तपासल्या तेव्हा त्यात भरपूर सापडला तो गॅलेना. आपल्याकडे रसशास्त्रात अंजनाचे पाच प्रकार सांगितलेत: सौवीरांजन, रसांजन, स्रोतोंजन, पुष्पांजन, नीलांजन. त्यातलं कोणतं नाव शिशाच्या दगडाचं आणि कोणतं अँटिमनीच्या, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. आपली शिसपेन्सिलसुद्धा याच गोंधळाची मुलगी. तिच्यात शिशाचा कणही नसतो, असतो तो ग्राफाइट, पण करडी रेघ ओढणाऱ्या प्रत्येक मऊ दगडाला लोकांनी शिसं मानलं.

खडा समोर असेल तर वर सांगितलेल्या खुणांनी पाचवीतलं पोरही दोघांना वेगळं काढेल. पण खलात गुलाबपाण्याबरोबर एकदा घोटलं की ठोकळे गेले, काड्या गेल्या, वजनाचा अंदाज गेला. उरली ती मऊ, काळी, किंचित चमचमणारी पूड. माझ्यासारखा आयुष्यभर दगड हाताळलेला माणूसही ती नुसत्या डोळ्यांनी ओळखू शकत नाही. गॅलेना मुबलक आणि स्वस्त, त्यामुळे दुसऱ्याची जागा त्यानं सहज घेतली. वेगवेगळ्या देशांत तपासलेल्या सुरम्याच्या काही नमुन्यांत वजनाच्या निम्म्याहून जास्त शिसं असल्याचं आढळलंय.

मला खरी काळजी आहे ती लेकरांची. बारावं झालं की बाळाच्या डोळ्यात काजळ, सुरमा, जे घरात असेल ते घालायचं, ही आपल्याकडे सगळ्याच जातीधर्मांत चालत आलेली रीत. डोळ्यात औषध घातलं की थोड्या वेळानं घशात कडू लागतं, हे सगळ्यांनी अनुभवलंय. डोळ्यातलं पाणी अश्रुनलिकेतून नाकात आणि तिथून घशात उतरतं. सुरमाही त्याच वाटेनं जातो. शिवाय लेकरू डोळे चोळतं आणि तीच बोटं तोंडात घालतं. गॅलेना पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण पोटातल्या आम्लात त्यातलं शिसं सुटतं. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी दहाव्या हिश्श्याच्या आसपास अंगात मुरतं, लहान मुलांच्या बाबतीत हे प्रमाण निम्म्यापर्यंत जातं. मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी कोणतीच पातळी ज्ञात नाही, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. नुकसान मेंदूचं होतं, आणि बाहेरून काही दिसत नाही. मूल फक्त थोडं मागे पडतं.

मग असली, अँटिमनीचाच सुरमा मिळाला तर? तोही डोळ्यात घालावा असं मी म्हणणार नाही. फटाक्यांत आणि काड्यापेटीच्या उद्योगात वापरला जाणारा हा पदार्थ. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं फटाक्यांत ज्या धातूंच्या वापराला मनाई केली, त्यात शिशाबरोबर अँटिमनीही होतं. आणि सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची संयुगं वापरायला आपल्या देशाच्या नियमांत आधीपासूनच बंदी आहे.

आज्जीचं काजळ ही आणखी वेगळी वस्तू, एवढं जाता जाता सांगतो. तुपाच्या दिव्यावर पालथ्या धरलेल्या ताटलीला जी काजळी धरते ती नुसता कार्बन, अजिंठ्याच्या चित्रांतला काळा रंग असतो तशीच. त्यात ना शिसं ना अँटिमनी. तरीही बोटाचा मळ आणि जंतू डोळ्यात जातात, म्हणून बालरोगतज्ज्ञ तेही नको म्हणतात. तीट कपाळावर किंवा गालावर लावा, दृष्ट तिथेही उतरते.

घरात सुरमा वापरात असेल, लेकराला वारंवार पोटदुखी असेल, रक्त कमी भरत असेल, तर डॉक्टरांना आपणहून सांगा की डोळ्यात सुरमा घालतो. ते विचारतीलच असं नाही, आणि आपल्यालाही पोटदुखीचा आणि डोळ्यातल्या सुरम्याचा काही संबंध असेल असं सुचत नाही. रक्तातलं शिसं मोजण्याची तपासणी होते, ती करून घ्या. सुरमादाणी फेकू नका, बरोबर न्या. त्यातली चिमूटभर पूड तपासली की गॅलेना की स्टिबनाइट, याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळतं.