डोंबिवली स्टेशनवर सुचलेल्या संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या सरळ वाचा नाहीतर उलटी, फरक पडत नाही. ओळीने नऊ वेळा १ लिहून त्या संख्येचा वर्ग केला की ती मिळते. गणिताचा नाद असलेल्यांच्या वहीत ती कधी ना कधी उतरतेच. तिच्या कुळाला मात्र जगभर ‘डेम्लो संख्या’ म्हणतात, आणि हे डेम्लो म्हणजे आपली डोंबिवली, हे लोकलने रोज तिथून जाणाऱ्यांनाही सहसा माहीत नसतं.

बारसं करणारे होते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. पालघर वेगळा निघाला तो २०१४ मध्ये. कापरेकरांचं माध्यमिक शिक्षण ठाण्यात झालं, पुढे पुण्याचं फर्ग्युसन, आणि १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तरकी. जी. आय. पी. रेल्वेच्या (आजच्या मध्य रेल्वेच्या) डोंबिवली स्टेशनवर, मुंबईपासून तीसेक मैलांवर, त्यांना या संख्यांची कल्पना सुचली. आजच्या गर्दीत त्या फलाटावर वही उघडायला जागा तरी मिळेल का, कोण जाणे! के. आर. गुंजीकरांसोबत त्यांनी या संख्यांवर लिहिलेला लेख १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला. पुढे १९४९ मध्ये ६१७४ हा ‘कापरेकर स्थिरांक’ (सगळे अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिलं की शेवटी हाच येतो) जाहीर झाला आणि सगळी प्रसिद्धी तोच घेऊन गेला. मला विचाराल तर डेम्लोवर हा अन्यायच आहे.

कापरेकरांची अट साधी होती. संख्येचे डावा, मधला आणि उजवा असे तीन भाग पाडायचे. मधल्या भागात एकच अंक, हवा तितक्या वेळा. डावा आणि उजवा भाग मिळवले की बेरजेतही फक्त तोच अंक दिसला पाहिजे. २५५३ घ्या: २ आणि ३ मिळून ५. आता आपली सतरा अंकी संख्या. मधला ९ बाजूला ठेवून १२३४५६७८ मध्ये ८७६५४३२१ मिळवा, उत्तर ९९९९९९९९.

आकाराने ती परार्धाच्या, म्हणजे एकावर सतरा शून्यांच्या, एकच घर अलीकडे आहे. अवयव पाडले तर ३, ३७ आणि ३३३६६७ या तीनच मूळ संख्या निघतात: ३ चार वेळा, बाकीच्या दोन-दोनदा. अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ चा वर्ग. १२१ ची बेरीज ४, १२३२१ ची ९, असं हे पहिल्यापासून चालत आलेलं.

दहाव्या पायरीला गाडी अडते. ओळीने दहा वेळा १ लिहून केलेला वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१. गुणाकार मांडला की मधल्या रकान्यात दहा १ जमतात, हातचा येतो, तो शेजारच्या नवाचेही दहा करतो आणि आणखी एक हातचा पुढे ढकलतो. म्हणून ८ च्या जागी ९ दिसतो. अंकांची बेरीज १०० हवी होती, भरते ८२. एका हातच्यामागे ९ घटतात, आणि इथे हातचे दोन.