पोट भरल्याची खूण छातीत

रविवारी सकाळी इंदूरच्या रामबागेत काकूंकडे पोहे होते. इंदुरी पद्धतीचे, वाफेवरचे, वर शेव, जिरावण मसाला आणि बारीक चिरलेला कांदा. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला तेव्हा तीन महिने झाले होते. काकूंनी लोणच्याच्या वाटीत थोडे पोहे घेतले, एकेक घास चावत बसल्या. चौथ्या चमच्यानंतर त्यांना एक उचकी लागली. त्यांनी चमचा खाली ठेवला, म्हणाल्या, "झालं माझं."

आजीला राहवेना. "अगं, चिमणीसुद्धा याहून जास्त खाते!"

मला मात्र त्या थांबल्या याचा फार आनंद झाला, कारण महिन्याभरापूर्वी हीच उचकी त्यांना कळत नव्हती. मऊ घडीची पोळी, दोन-तीन घास जरा घाईने गेले, आणि मग छातीत गोळा अडकल्यासारखी कळ, तोंडात फेसाळ लाळ, शेवटी उलटी. ऑपरेशन बिघडलं की काय, या भीतीने त्या रडल्या होत्या. बिघडलं काहीच नव्हतं. पोट भरल्याची खूण जुन्या जागी राहिली नव्हती, एवढंच.

काकूंची शस्त्रक्रिया 'स्लीव्ह' प्रकारची. तीत जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढतात आणि उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. सुरुवातीला तिच्यात साधारण 100 ते 150 मिलिलिटर मावतं, म्हणजे एक लहान वाटी. पण मला आकारापेक्षा महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. जठराच्या वरचा घुमटासारखा भाग अन्न येताच सैल होतो, जागा करून देतो. म्हणून तर आपण पंगतीत 'आणखी एक' म्हणत जेवू शकतो. ऑपरेशनमध्ये नेमका हाच भाग जातो. उरलेली नळी फारशी ताणत नाही, दाब चटकन वाढतो आणि जास्तीचा घास अन्ननलिकेच्या तळाशीच थांबतो. त्यामुळे 'भरलं' हे बेंबीपाशी न जाणवता छातीच्या हाडामागे जाणवतं. कुणाला उचकी लागते, कुणाचं नाक वाहतं, कुणाला नकळत मोठा सुस्कारा येतो. आधीच्या आयुष्यात ज्याला आपण पोट भरणं म्हणायचो, ते तुडुंब वाटणं, इथे फार उशिरा येतं.

भुकेचंही तसंच. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक 1999 मध्ये जपानमध्ये कोजिमा आणि कंगावा यांनी शोधलं. ते मुख्यतः त्याच काढून टाकलेल्या भागात तयार होतं. म्हणून सुरुवातीचे महिने भूक जवळजवळ लागत नाही आणि घड्याळ बघून जेवावं लागतं. उलट अन्न आतड्यात लवकर पोहोचतं, तिथून तृप्तीची संप्रेरकं जास्त सुटतात. पण त्यांचा निरोप मेंदूपर्यंत पूर्ण पोहोचायला पंधरा-वीस मिनिटं जातात. पाच मिनिटांत जेवण उरकलं तर निरोप येईपर्यंत नको ते तीन घास आत गेलेले असतात. दोन घासांमध्ये चमचा खाली ठेवायला सांगतात ते यासाठी.

पोळी आणि मोकळा भात का अडतात? नीट न चावलेली पोळी ओली होऊन कणकेच्या गोळ्यासारखी होते. त्यामानाने घट्ट वरण, पिठलं, पनीर, अंडं सुखाने उतरतं. शिवाय दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं इतक्या लहान वाटीत बसवायची असतात, म्हणून पहिला मान त्यांचा. पाणी जेवणाबरोबर नाही, अर्ध्या तासाने. पोह्यांसोबतची जिलबी तर जपूनच. साखर एकदम आतड्यात उतरली की तिथे पाणी ओढलं जातं. मग अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात मुरडा. वजन कमी करण्याचंच 'बायपास' प्रकारचं ऑपरेशन झालेल्यांना हा त्रास जास्त होतो.

पाणीही टिकत नसेल, उलट्या थांबत नसतील, तर मात्र 'सवय होईल' म्हणून घरी बसू नका. थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व, काही आठवड्यांत संपतं आणि नसांना इजा होते. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

इंदूरकरांना आणखी एक सांगावंसं वाटतं. शेव-चिवडा तोंडात विरघळतो, नळीतून सरसर खाली जातो, दाब वाढवतच नाही. उचकी लागत नाही, काही नाही. वाटीभर पिठल्याने थांबणारा माणूस शेवेचा अख्खा डबा संपवू शकतो. वर्षभराने भूक परतू लागते तेव्हा वजन पुन्हा चढण्याची ही एक हमखास वाट.

परवा रात्री सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गेलो होतो. काकूंनी भुट्ट्याच्या किसाचे दोन चमचे घेतले, द्रोण माझ्याकडे दिला आणि हात छातीवर ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. आजीने विचारलं, "आणखी?" काकू म्हणाल्या, "थांबा, विचारते."